खबर कोणाला द्यायची

महिपतरावांचा गुडघा वर्षातले अकरा महिने बरा असे. निदान मंदाला तरी तसंच दिसत आलं होतं. ते नया बाजारातून भाजी घेऊन पायी येत, गोरखीपर्यंत जाऊन चार ओळखीच्यांना रामराम घालून परतत, आणि एक पाय पसरून का होईना, सगळ्यांच्या पंगतीला जेवायला बसत. पण माघ लागला, मुरारच्या मैदानावर राखीव शिपायांचे तंबू पडू लागले, की तो गुडघा सुजे. मग चुलीवर निर्गुडीचा पाला उकळे, फडकी गरम होत, आणि मोठ्या जाऊबाई शालिनीताई उंबऱ्यात उभ्या राहून सांगत, "यंदाही यांच्याच्यानं व्हायचं नाही." मग मंदाचा नवरा जयसिंहराव धान्याच्या दुकानातून महिन्याची रजा काढी, थोरल्या भावाचा गणवेश चढवी, थोरल्या भावाचं नाव सांगे आणि महिनाभर कवायत करून येई.

असे पाच माघ गेले. थंडीत जुनं दुखणं उलटतं, हे मंदाला कळत नव्हतं असं नाही. पण थंडी पौषातही असते, आणि पौषात गुडघा दुखल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं. हा हिशेब तिने मनातल्या मनात पाच वेळा मांडला होता आणि पाचही वेळा कोणाला न दाखवता पुसून टाकला होता.

यंदा मात्र माघाची वाट कोणी पाहिली नाही. विलायतेत लढाई जुंपली. श्रावणात बाजारात त्याचं बोलणं सुरू झालं, भाद्रपदात पहिली पलटण आगगाडीत बसून मुंबईकडे गेली, आणि नवरात्र बसता बसता दवंडी फिरली, की राखीव शिपायांनी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुरारच्या मैदानावर हजर व्हावं.

राखीव म्हणजे काय, हे लग्न होऊन आली तेव्हा तिला सासऱ्यांनी, संभाजीरावांनी, समजावून दिलं होतं. "आठ वर्षं पलटणीत काढली की शिपाई घरी येतो पोरी, पण सुटत नाही. दरमहा थोडं काही हातावर पडतं, गणवेश पेटीत राहतो, आणि वर्षातून एक महिना जाऊन हाताला बंदुकीची आठवण करून द्यायची. सगळी फौज बारा महिने पोसायला कोणत्या राजाला परवडतं? म्हणून अर्धी छावणीत असते आणि अर्धी लोकांच्या घरात, लोणच्यासारखी मुरत ठेवलेली. ताटातलं संपलं की बरणी उघडायची."

संभाजीराव स्वतः शिलेदाराचे चिरंजीव. त्यांच्या वडिलांच्या वेळी घोडा घरचा, खोगीर घरचं, आणि रिसाल्यातली जागाही घरची. तिला असामी म्हणत. वडिलांना ताप आला तर काका घोड्यावर बसत आणि हजेरी पुरी होई. "सरकारला पिसाळांचा घोडा हवा," संभाजीराव सांगत, "वर मांड कोणाची आहे ते पिसाळ बघतील." थोरल्याच्या जागी धाकटा गेला, यात त्यांना काही वावगं वाटलंच नाही. पहिल्या वर्षी कवायतीवर ओळखीचा हवालदार होता, त्याने डोळेझाक केली. पुढे तो पेन्शनीत गेला, नवी माणसं आली, आणि त्यांच्या लेखी जयसिंहच महिपत झाला. पलटणीत घोडा नव्हता, असामी नव्हती, एका नावाला एक माणूस होता. पण ही गोष्ट त्या घरात कोणाच्या डोक्यात नीट शिरली नव्हती.

खंडेनवमीला दुपारी ओसरीवर शस्त्रांची पूजा मांडली होती. पाटावर सासऱ्यांची तलवार, एक जुना भाला, आणि शेजारी जयसिंहरावांनी घासून ठेवलेला पलटणीचा पट्टा. झेंडूच्या पाकळ्या वाहून होतात न होतात, तोच दाराशी बुटांचा आवाज झाला. कपाळावर आडवी जखम असलेला, पांढऱ्या गलमिशांचा माणूस वाकून आत आला.

"राम राम, संभाजीरावसाहब. पूजा के बीच आ गया, माफी."

"या, या, जमादारसाहेब. आज शस्त्रांचा दिवस. आज तर शिपायाचे पाय घराला लागायलाच हवेत."

हे दौलतसिंह जमादार. राखीव शिपायांची जमवाजमव त्यांच्याकडे होती. मंदाने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण नवऱ्याच्या तोंडून इतकं ऐकलं होतं, की दाराआडून तिने ती जखम लगेच ओळखली.

"महिपतराव, जूते ठीक हैं?" जमादारांनी विचारलं. "पिछले माघ में एड़ी फट गई थी तुम्हारी."

"ठीक हैं, जमादारसाहेब," असं म्हणत जयसिंहराव उभे राहिले. नुसते उभे राहिले नाहीत. त्यांची पाठ सरळ झाली, हनुवटी वर गेली. घरात इतकं ताठ उभं राहिलेलं मंदाने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच्या नावाला हा माणूस किती चटकन ओ देतो, असं तिच्या मनात आलं.

जमादारांची नजर भिंतीशी पाय लांब करून बसलेल्या खऱ्या महिपतरावांवर गेली. "और ये?"

"हा धाकटा," संभाजीराव म्हणाले. "जयसिंह."

महिपतरावांनी हात जोडले. जमादारांनी त्यांना जरा निरखून पाहिलं. "छोटे हैं? बाल तो इन्हीं के ज़्यादा पके हैं."

"दुकानाची काळजी, साहेब. तराजूपाशी बसणारा लवकर पिकतो. लढणाऱ्याला कसली चिंता?"

जमादार हसले, आणि संभाजीरावही हसले. बाकी कोणी हसलं नाही.

"हँसी की बात अलग है," दौलतसिंह टेकून बसत म्हणाले. "भिंड की तरफ़ का एक पकड़ा गया. तीन साल से अपनी जगह चचेरे भाई को भेज रहा था. दोनों हवालात में हैं. अमन के दिनों में कौन देखता है, साहब? गिनती पूरी हुई, बस. अब डाक्टर देखता है, कप्तान देखता है."

"बरोबर आहे," संभाजीराव म्हणाले आणि तलवारीवरची एक पाकळी उगाच सारखी केली.

"और एक बात. परसों हर घर से एक औरत मैदान के कठड़े पर आएगी. बीवी हो तो बीवी. हवालदार चेहरा देख लेगा, कि खबर किसको देनी है. पहली पलटन में एक नाम के चार निकले. बम्बई में जहाज़ पर चढ़ने से पहले एक हैज़े से मर गया, और खबर पहुँची दूसरे के घर. उस बेचारी ने चूड़ियाँ फोड़ लीं. उसका आदमी भला-चंगा था." त्यांनी माजघराच्या दाराकडे पाहिलं. "महिपतराव की घरवाली कौन हैं?"

पाण्याचा तांब्या आणि बत्तासे मांडलेलं ताट मंदाच्या हातात होतं. शालिनीताईंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं, पदर पुढे ओढला आणि त्या बाहेर गेल्या. मंदाचे हात तसेच पुढे राहिले.

पाणी पिऊन जमादार उठले. सासरे त्यांना अंगणापर्यंत पोचवून परत येऊन बसलेसुद्धा. रिकामं ताट घेऊन आत यायला जाऊबाईंना मात्र जरा जास्तच वेळ लागला. मंदाने तेही मनात टिपलं.

स्वयंपाकघरात दोघी समोरासमोर बसल्या. दसऱ्याचं पुरण वाटायचं होतं. पाट्यावर वरवंटा फिरू लागला.

"परवा मैदानावर तुम्ही जाणार का?" मंदाने विचारलं.

"मग कोण जाणार? नाव यांचं आहे."

"नाव त्यांचं आहे. अंग कोणाचं आहे?"

शालिनीताईंनी वरवंटा थांबवला. "बोल. पाच वर्षं ओठांवर आणून गिळतेस, आज बोलून टाक."

"मी काय बोलणार? मला एवढंच कळत नाही, की माघाच्या आदल्या रात्रीपर्यंत जो गुडघा गोरखीपर्यंत जातो, त्याला पहाटे काय होतं. आणि यंदा तर आश्विनच आहे. अजून थंडी नाही, आणि कालपासून निर्गुडी उकळायला लागली."

आपण फार बोललो असं तिला वाटलं. वाद होईल म्हणून ती वाट पाहत होती. पण शालिनीताई उठल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, "ये. तुला बघायचंय ना? बघ."

मागच्या खोलीचं दार पुरतं लागत नसे. त्या फटीशी शालिनीताईंनी तिला उभं केलं. थोरल्या दिरांकडे सून कधी नीट नजर वर करून पाहत नाही. मंदाने कधीच पाहिलं नव्हतं. आत महिपतराव खाटेच्या काठावर बसून पलटणीचा बूट पायात चढवत होते. धोतर वर खोचलेलं होतं. उजवा गुडघा पिकलेल्या पपईसारखा फुगलेला, एका बाजूला काळसर. बूट चढला. ते भिंतीला धरून उठले, हात सोडला, टाचा जुळवल्या. पाय नेटाने उचलला, आपटला, आणि दुसऱ्याच पावलाला खांद्याने भिंतीवर जाऊन पडले. तोंडातून आवाज नाही. थोडा वेळ तसेच टेकून राहिले आणि पुन्हा पहिल्यापासून टाचा जुळवू लागले.

मंदा फटीपासून दूर झाली.

"सकाळपासून हेच चाललंय," शालिनीताई हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणतात, यंदा खरी लढाई आहे, धाकट्याला पाठवणार नाही, मीच जातो. दुखणं माघात सुरू होत नाही, मंदा. बाराही महिने असतं. अकरा महिने ते लपवतात. माघात कवायत असते, तिथे लपवता येत नाही, एवढंच."

पाच वर्षांचा मंदाचा हिशेब बरोबर होता; फक्त उलटा मांडला होता.

"आता माझं ऐक," शालिनीताई म्हणाल्या. "मलाही तुझा संशय होता. सासऱ्यांच्या मागे तलवार पलटणीतल्या मुलाकडे जाते. मला वाटायचं, तूच नवऱ्याला पुढे ढकलतेस."

"मी? मी कशाला ढकलू?"

"मग कोणी ढकललं? पहिल्याच माघात हे डॉक्टरकडे निघाले होते. गुडघा दाखवायचा, नाव कापून घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. तुझ्या नवऱ्याने हजीऱ्याच्या रस्त्यावर टांगा अडवला. म्हणाला, दादा, नाव राहू दे, मी जातो. सासऱ्यांना वाटतं त्यांनी पाठवलं. त्यांनी नुसती मान डोलावली. आधी ठरवलं होतं ते तुझ्या नवऱ्याने."

मंदा परत येऊन पाट्यापाशी बसली. पुरण कोरडं पडायला लागलं होतं. इतके दिवस ती घरातल्या प्रत्येकाकडे आळीपाळीने संशयाने पाहत आली होती. शेजारी झोपणारा माणूस तेवढा सोडून.

जयसिंहराव गच्चीवर होते. उन्हं उतरली होती, किल्ल्याच्या कड्यावर पिवळा उजेड होता. चिंचेच्या कोळाने ते पट्ट्याचं पितळ घासत बसले होते. मंदाला पाहून त्यांनी विचारलं, "पुरण झालं?"

"तुम्ही हजीऱ्याच्या रस्त्यावर दादांचा टांगा अडवला होता?"

हात थांबला. मग पुन्हा फिरू लागला. "वहिनी बोलल्या."

"कोणी का बोलेना. खरं आहे?"

"खरं आहे."

"का?"

त्यांनी पितळ उजेडात धरून पाहिलं. "मी अठराचा होतो तेव्हा भरतीला गेलो होतो. छाती मापली, उंची मापली, सगळं पास. मग विचारलं, घरातून कोणी आहे? म्हटलं, थोरला भाऊ. म्हणाले, मग तू घर सांभाळ, एका घरातून एक बस्स. तेव्हापासून मी घर सांभाळतोय."

"मग? घर सांभाळणं वाईट आहे?"

"वाईट कोण म्हणतं? अकरा महिने मी तराजू धरतो. शेठजी म्हणतो, अरे जयसिंग, जरा हात हलका ठेव. गिऱ्हाईक म्हणतं, अरे जयसिंग, डोळे फुटले का. दोघांचंही बरोबर असतं. एक महिना मला कोणी अरे म्हणत नाही. बिगुल वाजतो, मी उठतो, सगळे उठतात. माझं पाऊल सगळ्यांबरोबर पडतं." ते थांबले. "तुला सांगून कळणार नाही."

"कळतंय," मंदा म्हणाली. आणि तिला खरंच कळत होतं. दुपारी ओसरीवर पाहिलेली ती ताठ पाठ तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. म्हणूनच तिला राग येत होता. "पण परवा बिगुल वाजल्यावर तुम्ही मुरारहून घरी येणार नाही. आगगाडी, मग जहाज. परवा मी त्या जमादाराला खरं सांगितलं तर?"

"सांग."

"तुम्हाला राग नाही येणार?"

"दादा आणि मी एका कोठडीत बसू. आबांचं नाव सगळ्या पलटणीपुढे वाचून दाखवतील. जीव वाचेल, हे खरं." त्यांनी पट्टा गुंडाळायला घेतला. "मी तुझा हात धरणार नाही."

यावर ती भांडली असती तर सोपं झालं असतं. ती शेजारी बसली.

"एक विचारू? तिकडे तुमचं काही बरंवाईट झालं, तर खबर येईल, महिपतराव गेले. कोणाकडे येईल?"

त्यांनी पट्टा बाजूला ठेवला.

"जाऊबाईंकडे. दादा ओसरीवर बसलेले असतील आणि त्यांच्या बायकोला सांगतील, की तुझा नवरा गेला. लोकांपुढे तिने रडायचं. कुंकू तिने पुसायचं, की नाही पुसायचं? आणि मी काय करायचं? मी आत बसून भाजी निवडायची? माझा नवरा तर लोकांच्या हिशेबी तिथे ओसरीवर बसलाय. मी रडले तर लोक विचारतील, ही का रडते?"

जयसिंहराव तिच्याकडे बघत राहिले. पाच माघ ते त्या मैदानावर गेले होते. पाऊल कुठे पडतं, बूट कुठे चावतो, याचा त्यांनी विचार केला होता. याचा केला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावरून तिला ते दिसलं.

"मग काय करायचं म्हणतेस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "बघते."

दसरा नावाला झाला. संध्याकाळी एकमेकांच्या हातावर शमीची पानं ठेवली, पाया पडून झालं. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा, असं सगळे सगळ्यांना म्हणाले. नवऱ्यासाठीची पानं मंदाने तेवढी पदराच्या गाठीत बांधून ठेवली, निघताना द्यायची म्हणून.

दुसऱ्या दिवशी मुरारच्या मैदानाला लाकडी कठडा घातला होता. अलीकडे बायका, म्हातारे, पोरं, पलीकडे रांगा. घरच्या चौघांबरोबर महिपतरावही टांग्यातून आले होते. नको म्हणत असताना आले होते, आणि टांग्यातून उतरल्यापासून एकाच पायावर भार देऊन कठड्याला धरून उभे होते.

तंबूत डॉक्टर एकेकाला आत घेत होता. बऱ्याच जणांना लगेच परत बाहेर काढत होता. कोणाला मोतीबिंदू, कोणाची छाती भरलेली, कोणाचे दात पडलेले. वर्षानुवर्षं घरात मुरत ठेवलेली फौज उजेडात आली तेव्हा बरणीतलं निम्मं तरी बुरसलेलं निघालं. नाकारलेले लोक कडुलिंबाखाली बसले होते, आणि तो घोळका वाढत चालला होता. दौलतसिंह तंबूतून बाहेर येत, त्या घोळक्याकडे पाहत, आणि त्यांचं तोंड आणखी आंबट होई.

जयसिंहराव तंबूत गेले आणि लवकरच बाहेर येऊन रांगेत उभे राहिले. पास झाले होते. आता ते जाणारच हे नक्की झालं; तरी मंदाला, खोटं कशाला बोला, बरंही वाटलं.

मग हवालदार कठड्यापाशी येऊन नावं पुकारू लागला. एकेकीने पुढे व्हायचं, पदर जरा मागे घ्यायचा, चेहरा दाखवायचा. नवऱ्याचं नाव कोणी घेत नव्हतं. सासरा नाहीतर दीर शेजारून सांगे, आणि हवालदार मान हलवून पुढे सरके.

"महिपतराव पिसाळ. घर से कौन?"

शालिनीताई एक पाऊल पुढे गेल्या. असंच ठरलं होतं. मंदाने त्यांच्याकडे पाहिलं, मग रांगेकडे पाहिलं, आणि ती त्यांच्या बाजूने वाट काढून कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. शालिनीताईंनी तिला अडवलं नाही. उलट त्याच एक पाऊल मागे सरल्या.

हवालदार गोंधळला. दौलतसिंह जवळ आले. त्यांनी एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं.

"उस दिन तो दूसरी बहूजी थीं."

"घर एकच आहे, जमादारसाहेब," संभाजीराव घाईने पुढे झाले. "आमच्यात असामी घराची असते. ही काय, ती काय..."

"असामी घर की होती होगी, साहब," दौलतसिंह म्हणाले. "गोली एक ही को लगती है." मग ते मंदाकडे वळले. "आपके आदमी का नाम?"

सासऱ्यांनी तोंड उघडलं, पण जमादारांनी हाताने थांबवलं. "इनसे पूछा है."

लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. त्यानंतर ते नाव मंदाने एकटी असतानासुद्धा उच्चारलं नव्हतं. ते बोलली तर कोठडी. थोरल्या दिरांचं नाव घेतलं, तर ज्यांच्यासमोर कधी मान वर केली नाही, त्यांची ती सगळ्या मैदानापुढे बायको होणार. कठड्याचं लाकूड उन्हाने तापलं होतं. ते तिने दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"जयसिंहराव," ती म्हणाली. "जयसिंहराव संभाजीराव पिसाळ. मी त्यांची बायको. खबर मला द्यायची."

संभाजीरावांनी डोळे मिटले. महिपतरावांनी कठडा सोडला आणि लंगडत दोन पावलं पुढे आले. "जमादारसाहेब, महिपत मी आहे. चूक माझी..."

दौलतसिंहांनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "आप बैठिए, जयसिंहरावजी," ते म्हणाले. "आपका घुटना दुखेगा."

आणि हवालदाराला त्यांनी मोठ्याने बजावलं, "चेहरा देख लिया? महिपतराव की खबर इनको. किसी और को नहीं."

हवालदाराने मंदाचा चेहरा नीट पाहून घेतला आणि तो पुढच्या नावाकडे गेला.

मंदा तिथेच उभी राहिली. हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. परवा ओसरीवर गुडघ्याचं नावही कोणी काढलं नव्हतं. मग वळून न पाहताच जमादारांना गुडघा कसा कळला? तिने मान वळवली. शालिनीताई जमिनीकडे बघत होत्या.

"मी सांगितलं," शालिनीताई हळूच म्हणाल्या. "परवा, ताट परत घेताना, दाराशी. पाया पडले त्यांच्या. म्हटलं, कोणाला कोठडीत घालू नका, नुसतं नाव कापा. दोघंही घरी राहतील असं वाटलं."

"मग ते काय म्हणाले?"

"काही नाही. बत्तासा तोंडात टाकून निघून गेले."

मंदाने कडुलिंबाखालच्या घोळक्याकडे पाहिलं. तो आता झाडाच्या सावलीत मावत नव्हता. दौलतसिंह त्याकडे पाठ करून रांगा मोजत होते. तिच्यावर त्यांनी दया केली, की धडधाकट माणूस हातचा जाऊ दिला नाही, हे तिला तेव्हा कळलं नाही, आणि पुढेही कधी कळलं नाही. विचारायला गेली असती तर कदाचित त्यांनाही सांगता आलं नसतं.

बिगुल झाला. रांगा आवळल्या. अखेरची हजेरी सुरू झाली.

"महिपतराव संभाजीराव पिसाळ."

"हाजिर!"

तो आवाज तिने हजारांत ओळखला असता. घरात तो कधी इतका मोठा लागत नसे. पदराच्या गाठीतली शमीची पानं तिच्या मुठीत चुरगळली होती. ती नवऱ्याच्या हातावर ठेवायची राहूनच गेली होती.

शेजारी काहीतरी हललं म्हणून तिने पाहिलं. पदर डोक्यावरून घसरला होता, तो तिने वर ओढला नाही. थोरले दीर कठडा सोडून उभे होते. दोन्ही पायांवर. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले, कपाळावर घाम. त्यांचे ओठ हलले होते, आवाज फुटला नव्हता. शालिनीताईंनी त्यांच्या दंडाखाली हात दिला आणि दुसऱ्या बाजूने, आयुष्यात पहिल्यांदा, मंदाने दिला.

रांगा स्टेशनाच्या दिशेने वळल्या. कठड्याशी उभे असलेले ओळखीचे लोक एकमेकांना सांगत होते, पिसाळांचे महिपतराव निघाले बघा, काय चाल आहे. दोघी जावांच्या मध्ये उभ्या असलेल्या महिपतरावांनी ते ऐकलं आणि धूळ खाली बसेपर्यंत पाय हलवला नाही.